चौदावी बाई

भरती चढायला लागली तसा गंगाराम खाडीतून वर आला. कमरेपर्यंत चिखल, दोन्ही पोटऱ्यांवर कालवांच्या शिंपल्यांनी कापल्याच्या रेघा. वल्हं मारून मारून घट्ट झालेल्या खांद्यावर खारं पाणी सुकून पांढरं पडलं होतं. हातातली काठी त्यानं पडवीला टेकवली आणि तसाच जमिनीवर बसला.

त्याच्या बायकोनं, हौसानं, पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं हात धुतले आणि उरलेलं पाणी अंगणात ओतून टाकलं.

"पेज वाढू?"

"नको."

"काल बी न्हाय जेवलाव."

"कांदळात न्हाय," तो म्हणाला. "आज मी पार खाडीच्या मुखापावत गेलो. कुटंच न्हाय ती."

चौतीस सालच्या भाद्रपदातली ही गोष्ट. आरे-वाऱ्याच्या पलीकडच्या एका लहानशा खाडीवर सांदवाडीची तर होती. तर म्हणजे या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी होडी. गंगाराम वल्हवायचा, हौसा पुढच्या टोकाला, नाळेवर बांबू घेऊन उभी राहायची. लग्न झाल्यापासून बारा वर्षं दोघांनी ही एकच होडी चालवली होती. कधी कोणाचा पाय भिजण्यापलीकडं काही घडलं नव्हतं.

सोमवारी घडलं. बाजाराचा दिवस होता. दक्षिणेकडून आभाळ काळं होऊन येत होतं आणि जो तो पलीकडं जायची घाई करत होता. बारा उतारू बसले. तेरावी म्हातारी सोनूबाई गयावया करायला लागली, तिला घेतलं. होडी सुटता सुटता एक अनोळखी बाई बोचकं सांभाळत धावत आली. गंगाराम म्हणाला, "आता नको." पण हौसानं तोवर हात पुढं केला होता. तो हात धरून बाई आत चढली.

मधल्या धारेत डोंगराचं पाणी आणि भरती एकमेकांवर आली. होडीतली शेळी बिथरली, उडी मारायला गेली. तिला धरायला पाच-सहा माणसं एकदम एका अंगाला झुकली, आणि होडी पालथी झाली.

नऊ माणसं गंगारामनं एकट्यानं काठाला लावली. बाकीची कोणी वल्ह्याला धरून, कोणी पोहून आली. ओली, कुडकुडणारी माणसं काठावर बसवून हौसानं मोजली तेव्हा तेरा भरली. चौदावी नव्हती.

त्या दिवसापासून गंगाराम ओहोटी लागली की खाडीत उतरत होता. काठच्या कांदळाच्या झाडांत, मुळ्यांमध्ये काठी घालून बघत होता. होडी काठावर पालथी पडली होती, तिची एक फळी फुटली होती. तलाठ्यानं पंचनामा करून पुढचा हुकूम येईपर्यंत तर बंद असं सांगितलं होतं. माणसं दोन कोसांचा वळसा घालून वरच्या उतारानं पाणी ओलांडून जात होती. जाताना या घराकडं बघून बोलणं थांबवत होती. विहिरीवर हौसा गेली की बायका आपापल्या कळशा उचलत. ज्या बाईला गंगारामनं केसाला धरून बाहेर काढलं होतं, ती परवा म्हणाली होती, "दारू पिऊन वल्हं धरलान, अजून काय व्हनार!"

गंगारामनं जन्मात दारू घेतली नव्हती. हौसा कळशी अर्धीच भरून घरी आली होती.

*

दहाच्या सुमाराला कुंपणाच्या फाटकाशी, बेड्यापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. काळी टोपी, खांद्यावर छत्री, हातात वहाणा. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. पन्नाशीकडं झुकलेला, बारीक चणीचा.

"गंगाराम तरवाल्याचं घर हेच काय?"

गंगाराम मागच्या दारी अंग धूत होता. त्याचा भाऊ केरू पडवीत बसला होता, तो एकदम उठला. "तुमी कचेरीतलं काय?"

"नाही. मी हरिश्चंद्र तोडणकर. रत्नागिरीस दर शनिवारी आमचं वर्तमानपत्र निघतं, तिथं छापखान्यात मी असतो. पहाटे निघालो, चालत आलोय."

केरूनं हौसाकडं पाहिलं. आता हे सगळं छापून येणार, असं त्याला वाटलं.

हरिश्चंद्र पडवीच्या कडेला बसला. खिशातून घडी केलेला कागद काढला. "तुमच्या गावातून पत्र आलंय. खाली चार जणांच्या सह्या आहेत. वाचून दाखवतो. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला ते ऐकवायलाच हवं."

त्यानं वाचलं. सांदवाडीच्या तरीवरील होडीवाल्याने मद्यप्राशन करून वीस उतारू भरले, होडी बुडवली, तीन जीव गेले, आणि हा मनुष्य अद्याप मोकळा फिरत आहे.

हौसाच्या हातातलं सूप खाली आलं. "तीन?"

"तीन लिहिलंय."

"तीन कोन? आमी तर एकीलाच हुडकतोय."

हरिश्चंद्रनं मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "मालक म्हणाले, चार सह्या आहेत, छापून टाकू. मजकूर जुळवूनसुद्धा ठेवलाय. मी म्हटलं, एक दिवस द्या, मी जाऊन विचारून येतो. उद्या संध्याकाळी अंक छापायला जातो. वाटेत मी चारी सह्यावाल्यांना गाठलं. त्यातल्या एकानंही होडी उलटताना पाहिलेली नाही. तिघांना दुकानात कळलं. चौथे तुमच्या शाळेचे भिकाजी मास्तर. पत्र त्यांनीच लिहिलंय, त्या तिघांच्या सांगण्यावरून. म्हणून आता इथं आलोय. होडीत माणसं किती होती?"

केरू घाईनं पुढं झाला. "बारा. परवानगी बाराची हाय, बाराच व्हती." मग हौसाला बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "बारा सांग, वयनी. सोनूबाय आपली हाय, ती गप ऱ्हाईल. आनी त्या बाईला कोन वळखतो? कुनी इचारायला आला काय चार दिसांत? बारा सांगितलंस तर ती बाय नव्हतीच. मिटला."

हौसा उभी राहिली. केरू वाईट बोलत नव्हता, भावाला वाचवायलाच बघत होता. एक आकडा सांगितला की सगळं सुटत होतं. पण तिच्या तळव्याला तो हात अजून आठवत होता. ओला, खरखरीत, गवत कापणाऱ्या बाईचा हात. तो आपणच धरून आत घेतला, आणि आता नव्हताच म्हणायचं?

ती पडवीत येऊन खाली बसली.

"चौदा व्हती," ती म्हणाली. "आमी दोघां सोडून चौदा. चौदाव्या बाईला मीच घेतली. ह्यांनी नको म्हनलान व्हता."

केरूनं कपाळावर हात मारला. मागच्या दारात गंगाराम ओल्या पंच्यानिशी उभा होता.

हरिश्चंद्रनं पेन्सिल काढली. "नावं सांगता येतील?"

हौसानं बोटांवर मोजत तेरा नावं सांगितली, कोण कुठं बसलं होतं तेही सांगितलं. तिचा आवाज कुठं अडला नाही. चौदाव्या नावाशी ती थांबली.

"नाव न्हाय ठावं. तिशीची असंल. हिरवा लुगडा, बोचका."

"बोलली काही?"

"न्हाय."

"आठवून बघा. होडीत चढणारं माणूस काहीतरी बोलतंच. पाऊस येईल म्हणेल, कधी पोचू म्हणेल."

हौसानं डोळे मिटले. चार दिवस तिच्या डोळ्यांसमोर ती बाई पाण्यात पडतानाच येत होती. त्याच्या आधीचं तिला कोणी विचारलं नव्हतं, तिनंही आठवलं नव्हतं.

"इचारलान व्हता," ती हळूहळू म्हणाली. "कोंडावरचा साकव ऱ्हायलाय का व्हावून गेलाय, असा इचारलान."

गंगाराम पुढं आला. "साकव? मंजे ती वरच्या अंगाला जानारी. चिंचकोंड, न्हाय तर आंबेकोंड. दुसऱ्या कुनाला वढा वलांडायला साकव लागत न्हाय."

हरिश्चंद्र उठला, टोपी घातली. "चला मग. बुडाली असेल तर तिच्या माणसांना कळायला हवं. नसेल बुडाली, तर आपल्याला कळायला हवं. मी तिला ओळखत नाही, तेव्हा हौसाबाईंना यावं लागेल."

"तुमी पेज घ्या आदी," हौसा म्हणाली. "पाटेपासून चाललाव."

त्यानं घेतली. गंगारामनंही, काय वाटलं कोण जाणे, चार दिवसांनी दोन घोट घेतले.

*

केरूच्या लहान डोणीतून हौसा आणि हरिश्चंद्र पलीकडं उतरली. तिथल्या काठावर हौसाच्या यादीतली सात माणसं राहत होती. वाट वाकडी करून हरिश्चंद्र एकेकाच्या दारात गेला. माणूस समोर दिसलं की नावापुढं खूण करायचा. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

शेळीवाला रामा म्हणाला, "गंगारामनं दारू घेतलेली असा ऐकला."

"तुम्ही त्याच्या शेजारीच बसला होता ना? वास आला?"

रामा घुटमळला. "न्हाय. वास नव्हता." मग खाली बघून म्हणाला, "मना त्यानंच बाहेर काढलान."

हौसा जांभ्या दगडाच्या गडग्याआड उभी राहून हे ऐकत होती. माणसं खोटी नव्हती. विचारल्यावर सगळी खरं सांगत होती. फक्त आजवर कोणी विचारलं नव्हतं.

पुढं वाट चढणीची. पाऊस उघडला होता, पण कातळ शेवाळानं निसरडा झालेला. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलं होतं. हरिश्चंद्रच्या वहाणा हातातच होत्या. एका जागी त्याचा पाय घसरला, गुडघा फुटला. हौसानं दगडीचा पाला चुरून त्यावर लावला. तिला वाईट वाटलं. हा कोण, कुठला, आणि कशासाठी असा धडपडतोय!

"तुमाला काय मिळतो ह्यात?" तिनं विचारलं.

तो हसला. "वीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवतोय, बाई. एकदा एका माणसाला आम्ही चोर छापलं. तो नव्हता. पुढच्या अंकात चूक दुरुस्त केली, पण तोवर तो गाव सोडून गेला होता. ते खिळे माझ्या हातानं जुळवलेले."

एवढं सांगून तो चढण चढायला लागला.

साकव जागेवर होता. तीन पोफळीचे सोट आणि वर काथ्यानं आवळलेली कामट्यांची चटई, खालून लाल पाणी फेसाळत चाललेलं. चिंचकोंडात कोणी तशी बाई पाहिली नव्हती. हिरव्या लुगड्याची एक होती, पण ती बाहेर आली तर साठीची निघाली. हौसा चिंचेखाली बसली.

"अजून आंबेकोंड आहे," हरिश्चंद्र म्हणाला.

आंबेकोंडात सहा घरं. पहिल्या घरी म्हणाले, आमच्याकडं कोणी आलं नाही. दुसऱ्या घरीही तेच, आणि तेही फार लगेच. अनोळखी टोपीवाला बघून बायका आत जात होत्या. शेवटच्या घराच्या गडग्यावर एक लुगडं वाळत घातलेलं हौसानं पाहिलं आणि ती थबकली. हिरवं लुगडं. धुऊनही काठाला राखाडी डाग तसाच राहिलेला. खाडीच्या चिखलाचा डाग. तो कसा दिसतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार!

"ह्यांच्याकडं कोनी न्हाय!" शेजारून कोणी तरी ओरडलं.

हौसानं ऐकलं नाही. ती दारापाशी गेली. तिनं हाक मारली. "बाय गो! मी सांदवाडीची होडीवाली. हायस काय गो तू?"

आत काही तरी हललं. मग अंधारातून एक बाई उंबऱ्यापर्यंत आली. हातात पेजेची वाटी, चेहरा भ्यालेला.

हौसानं तिचं मनगट धरलं. हात दाबून पाहिला, खांदा चाचपला, गालाला हात लावला. मग तिचा हुंदका फुटला आणि त्यातच ती रागानंही बोलायला लागली. "चार दिस! चार दिस माजा मानूस चिखलात तुजा मडा हुडकतोय गो! अन्न सोडलान त्यानं! एक सबूद सांगून गेली असतीस तर काय झाला असता?"

बाईच्या हातातली वाटी कलंडली. "मना न्हाय ठावं," ती रडत म्हणाली. "आयशीची शपथ, मना न्हाय ठावं."

तिचं नाव राही. खाटेवर तिची आई यमुनाबाई पडून होती, छातीचा नुसता पिंजरा झालेला. राहीचा नवरा मुंबईस गिरणीत होता. आई अत्यवस्थ आहे असा निरोप आला, पण सासू सोडीना. भात निसवायच्या वेळी कोण माहेरी जातं, म्हणाली. तेव्हा गवताला जाते सांगून राही निघाली ती तशीच खाडीवर आली. होडी उलटल्यावर एक फळी हाती लागली, तिच्या आधारानं ती पलीकडं, खाली कांदळात जाऊन लागली. काठावर आरडाओरडा चाललेला ऐकू येत होता. पण तिथं गेलं तर नाव विचारतील, गाव विचारतील, सासरी निरोप जाईल आणि उलट पावली घेऊन जातील. ओल्या अंगानं ती आडवाटेनं चढून आली, आणि कोणाला सांगू नका असं शेजाऱ्यांना म्हणाली.

"आय परवा दोन घास जेवली," ती म्हणाली. "माज्या हातचं. म्हनून मना कायच सुचला न्हाय."

हौसाचा राग तिथंच विरला.

हरिश्चंद्र अंगणातच उभा होता. त्यानं बाहेरूनच विचारलं, "ताई, दुसरं काही विचारत नाही. होडीत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?"

"शेळी," राही म्हणाली. "माजा पदर चावत व्हती. तिचा मालक म्हातारा, त्याला खोकला व्हता. ती शेळी वाचली काय?"

"नाही."

राहीनं तोंडाला पदर लावला. मग एकदम तिला भान आलं. "तुमी कागदात नाव घालनार?"

"नाही. चौदावं माणूस जिवंत आहे, एवढंच मला डोळ्यांनी बघायचं होतं. ते बघितलं. तुमचं नाव, गाव, माहेर, यातलं एक अक्षर छापणार नाही."

खाटेवरून यमुनाबाईनं हात हलवला. हौसा जवळ गेली. म्हातारीला बोलवत नव्हतं. तिनं हौसाचा हात आपल्या दोन हातांत धरला आणि किती तरी वेळ सोडला नाही. लेकीला होडीत ओढून घेणारा हात तो हाच, हे तिला कोणी सांगितलंही नव्हतं. हौसाला मात्र सोमवारपासून पहिल्यांदाच वाटलं की हा हात पुढं केला ते चुकलं नाही.

*

संध्याकाळी डोण काठाला लागली तेव्हा गंगाराम पाण्यात उभा होता. हौसानं डोणीतूनच ओरडून सांगितलं, "हाय! जिती हाय! आयशीला पेज भरवताय!"

गंगाराम तिथंच पाण्यात बसला. गुडघ्यांवर डोकं टेकवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. केरू जाऊन त्याच्याजवळ नुसता उभा राहिला. मग गंगाराम उठून हरिश्चंद्रपाशी आला आणि त्याच्या पायांकडं वाकायला लागला. हरिश्चंद्रनं त्याला वरच्यावर धरलं.

"असं करू नका. चौदा माणसं घेतलीत हे मी छापणार आहे. ते खरं आहे."

"छापा," गंगाराम म्हणाला. "तेवडा माजा हाय. बाकीचा माजा नव्हता."

अंधार पडायच्या आत हरिश्चंद्रनं या काठावरची सहा माणसं पाहिली, खुणा केल्या. पहाटे तो रत्नागिरीच्या वाटेला लागला. हौसानं बरोबर तांदळाच्या भाकऱ्या दिल्या. नको नको म्हणत त्यानं घेतल्या.

शनिवारचा अंक सोमवारी टपालवाल्यानं आणला. दुकानासमोर पंधरा-वीस माणसं जमली. वाचायचं काम भिकाजी मास्तरांकडं आलं. मास्तर सरळ मनाचे, चाळिशीचे. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि वाचलं:

"सांदवाडीच्या तरीवरील होडी सोमवारी उलटली. बारा उतारूंची परवानगी असता चौदा घेतले होते, हे होडीवाल्याच्या पत्नीने स्वतः सांगितले. होडीवाल्याने मद्य घेतले नव्हते. नऊ जणांस त्याने स्वतः वाचवले. चौदाही उतारू जिवंत आहेत. ते आमच्या बातमीदाराने समक्ष पाहिले. एक शेळी बुडाली."

माणसं पांगली. ज्या बाईनं विहिरीवर दारूची गोष्ट काढली होती, ती घरी गेली आणि थोड्या वेळानं पडवळं घेऊन हौसाच्या पडवीत येऊन बसली. हौसानं तिला पाट दिला.

कचेरीतून हुकूम आला. गंगारामला ताकीद मिळाली, आणि फळी बदलून होडी तपासून घेतल्यावर तर पुन्हा सुरू करायला परवानगी. दसऱ्याच्या आत होडी पाण्यात उतरली.

त्याच आठवड्यात हौसा शाळेत गेली. शाळा सुटली होती. मास्तर एकटेच मुलांच्या पाट्या बघत होते. तिला पाहून ते उभे राहिले.

"हौसा, मी जे लिहिलं ते..."

"ऱ्हाऊ द्या ता, मास्तर. मना एक पत्र लिवून देवा. रत्नागिरीला, त्या तोडणकरांना."

मास्तरांनी कागद घेतला, टाक दौतीत बुडवला. "काय लिहू?"

हौसा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वाटेत तिनं पुष्कळ ठरवलं होतं, त्यातलं आता काही आठवेना.

"लिवा, होडी चालू झाली. हे दोन टाइम जेवतात. ती बाय आयशीपाशी हाय, म्हातारी आता उटून बसते." ती थांबली. "आनी लिवा, आमच्याबद्दल समदी सांगत व्हती. इचारायला तुमी एकटं आलाव. बारा मैल चालून आलाव. ता आमी इसरनार न्हाय."

टाक कुरकुरत राहिला. मास्तरांनी शेवटची ओळ पुरी केली, कागदावर वाळू भुरभुरली, झटकली. मग पाकिटात घालण्यासाठी घडी करता करता त्यांचा हात थांबला. त्यांनी कागद पुन्हा उलगडला आणि उजेडाला धरला.

"थांब हौसा," ते म्हणाले. "आधी वाचून दाखवतो. तू म्हणालीस तसंच उतरलंय का ते बघ, मग पाठवू."